मैनेच्या टेम्पोतला संडास

आमच्या शेजारचा दगूअण्णा कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की आधी घोडीला विचारतो. गंमत म्हणून सांगत नाही. त्याच्याकडे मैना नावाची पांढरी घोडी आहे. तिने कान पुढे केले की हो, मागे टाकले की नाही, आणि शेपूट हलवलं तर नंतर बघू. पोरीला स्थळ आलं तेव्हा अण्णाने मुलाचा फोटो मैनेपुढे धरला. तिने तो खाल्ला. घरात रडारड. अण्णा म्हणाला, "आवडला म्हणूनच खाल्ला ना?" लग्न झालं. जावई पुण्याला सुखात आहे, पण आजही मैनेच्या दोन हात लांबून चालतो.

मी हसायचो. मग माझी बायको, सरू, गेली. पहिल्या महिन्यात डाळीत मीठ किती घालायचं हे कुणाला विचारावं कळेना. एकदा मी पण कुंपणापाशी जाऊन मैनेला विचारून आलो. तिने कान मागे टाकले. मी मीठ घातलंच नाही. आठवडाभर अळणी डाळ खाल्ली. तेव्हापासून अण्णाला हसायचा माझा हक्क गेला.

माझं शिक्षण सातवी नापास. अंबडच्या कारखान्यांत तीस वर्षं नळ, पाइप, संडास बसवले. त्यामुळे म्हसरुळमध्ये कुणाचं काही तुंबलं की लोक मला शोधत येतात. एरवी कुणी येत नाही. ह्या दिवाळीनंतर अण्णा आला तो थेट म्हणाला, "नाना, टेम्पोत संडास बसवायचा."

"घोडीला?"

"घोडीला कशाला? हिला."

ही म्हणजे आमची पार्वतीवहिनी. गोष्ट अशी की अण्णा दर हिवाळ्यात मैनेला घेऊन सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला जातो. चांगला आठ दिवस राहतो. घोडी विकत नाही, नुसती मिरवतो. टेम्पोच्या मागच्या अर्ध्या भागात घोडी, पुढच्या अर्ध्यात खाट, स्टो आणि अण्णा, मध्ये प्लायची भिंत. ह्याला तो बंगला म्हणतो. वहिनी लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा गेली, पुन्हा कधी गेली नाही. "हिला घोड्याचा वास सोसत नाय," असं अण्णा आम्हाला पस्तीस वर्षं सांगत आला. ह्या दिवाळीत पोरीने आईला सहज विचारलं तेव्हा खरं बाहेर पडलं. तिथे आडोसा नव्हता. अंधार पडेपर्यंत थांबायचं म्हणून वहिनी दिवसभर पाणीच प्यायची नाही. तिसऱ्या दिवशी तापाने फणफणली. अण्णाला वाटलं, घोड्याचा वास.

"पस्तीस वर्षं बोलली नाय, नाना," अण्णा म्हणाला. "यंदा ती आली तर जाईन. नाय तर टेम्पो विकून टाकतो."

वहिनीने ओट्यावरूनच सांगितलं, "आधी येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजाराला नेऊन दाखवा. तिथे जमलं तर सारंगखेडा. आणि माझे गुडघे वाकत नाहीत. खुर्चीसारखं पाहिजे."

झालं. दोन म्हातारे कामाला लागले.

पहिला विचार अण्णाचा. जुन्या रेल्वेत असायचं तसं फरशीला भोक पाडायचं, खाली रस्ता. मी म्हटलं, मागून येणारा मोटारसायकलवाला तुला दुवा देईल. वहिनीने नुसतं बघितलं. ते भोक राहिलं ते राहिलंच. आता त्यातून मैनेला धुतलेलं पाणी जायची नळी जाते.

मग पुण्याहून पोरीने मोबाइलवर परदेशातल्या घोड्यांच्या गाड्यांची माहिती पाठवली. तिकडे घोड्याच्या गाडीत माणसांसाठी पलंग, मोरी, कमोड, सगळं असतं. माहिती इंग्रजीत. मोबाइलनेच तिचं मराठी केलं. त्यात लिहिलं होतं की गाडीखाली दोन टाक्या लावा, मोठी टाकी काळ्या पाण्याची आणि छोटी राखाडी पाण्याची. कमोड कुठल्या टाकीला जोडायचा हे काही त्या मराठीत कळेना.

आता तीस वर्षं ह्या धंद्यात घालवलेल्या माणसाने जरा डोकं चालवायला पाहिजे होतं. मी चालवलं. मैना चिखलात लोळते. तिला धुतली की पाणी काळंकुट्ट येतं. म्हणजे काळ्या पाण्याची मोठी टाकी घोडीची. माणसाचं ते राखाडी. मी अण्णाला हे इतक्या ठामपणे समजावलं की त्याने घोडीलासुद्धा विचारलं नाही. मोठी टाकी घोडी धुण्याच्या पाण्याला जोडली आणि कमोड बसवला पंधरा लिटरच्या छोट्या टाकीवर.

चाचणी घ्यायची होती. वहिनी म्हणाली, "ज्याने बसवलं त्यानेच बसून बघा." मी पायजम्यासकट बसलो. सात-आठ वेळा पाणी सोडलं. सगळं गेलं. अण्णाला ओरडून सांगितलं, "घे रे गाडी!" दिंडोरी रोडला पहिला गतिरोधक आला. छोटी टाकी काठोकाठ भरली होती, मला काय माहीत. गाडी उडाली, खाली बसली, आणि सगळं पाणी आलं त्या वाटेनं परत वर आलं. साधं नळाचं पाणी होतं हेच नशीब. टेम्पोतून मी उतरलो तेव्हा शाळा सुटलेली होती. मागून भिजलेला म्हातारा बघून पोरांनी काय समजायचं ते समजलं. मी पण खुलासा केला नाही.

मागाहून पोरीने फोनवर सांगितलं, काळं पाणी म्हणजे संडासाचंच. टाक्या बदलल्या. तरी घाटात गाडी तिरपी झाली की कमोडच्या वाकड्या पाइपात वास अडवायला जे पाणी थांबतं ते सांडून जायचं आणि टाकीचा वास सरळ आत. हे मला आधी सुचायला हवं होतं. घरं तिरपी होत नाहीत, म्हणून तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मग तिसरा प्रकार आणला. सुटकेसएवढा प्लास्टिकचा डबा, वर बसायला सीट, खाली टाकी, टाकीत निळं औषध. भरला की उचलून न्यायचा. मला पसंत पडला. अण्णाने तो बंगल्यात ठेवला आणि मैनेला फळीवरून वर चढवायला लागला. मैना अर्ध्या फळीवर आली, नाक वर केलं, आणि कान असे मागे टाकले की डोक्याला चिकटले. औषधाचा वास! गूळ दाखवला, ढोपराने ढकललं, बाजरीची भाकरी दाखवली. घोडी हलेना.

"तिचा नकार हाय," अण्णा म्हणाला.

"अरे, संडास तिला वापरायचा आहे का?"

"पण प्रवास तिच्याबरोबर करायचा हाय ना!"

आम्ही दोघं टेम्पोच्या पाठीमागे डोक्याला हात लावून बसलो. बाजाराला चार दिवस राहिले होते. अण्णाचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "नाना, नाय जमलं तर ही पुन्हा येते म्हणायची नाय. मी ओळखतो तिला."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले आणि म्हणाली, "मैनेच्या खाली काय टाकता तुम्ही?"

"लाकडाचा भुसा."

"एवढ्या बंद डब्यात आठ-आठ तास उभी असते. तिचा वास येतो का?"

अण्णाने वाकून आतला भुसा हुंगला.

"खुर्चीला भोक पाडा. खाली बादली ठेवा. मी वरून दोन ओंजळी भुसा टाकीन. पातळ वेगळ्या कॅनमध्ये जाईल असं नरसाळं लावा, म्हणजे भुसा कोरडा राहतो. उतरलं की शेतात खड्डा. टाकी नको, औषध नको, काळं-गोरं पाणी नको."

अण्णा म्हणाला, "आधी का नाय बोललीस?"

"मला विचारलं कुणी? विचारलं घोडीला."

चहा गार झाला. अण्णाने उगाच टोपी झटकली. मी हसायला गेलो आणि थांबलो. मी काय सरूला विचारत होतो? आमच्याकडे घोडी नव्हती, एवढाच फरक.

दोन दिवसांत खुर्ची तयार झाली. अण्णाने तिला दोन्ही बाजूंनी हात टेकायला पाइप लावले, दाराला आतून कडी लावली. मैनेला विचारायला गेला तर ती भुसा खायला लागली.

मंगळवारी येवल्याला गेलो. मी पुढे अण्णाजवळ, वहिनी मागे खाटेवर. बाजारात ही गर्दी. टेम्पोला टेम्पो लागलेले, मधल्या बोळात गडी, दलाल, घोड्यांची तोंडं बघणारे. दहाच्या सुमारास वहिनीने प्लायच्या भिंतीवर दोनदा टकटक केलं. अण्णा खाली उतरला. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

आणि अण्णा घोडीशी भांडायला लागला.

मैना दोरीला शांत उभी होती. हा तिच्या तोंडापाशी जाऊन गरजला, "तुला किती वेळा सांगितलं? हं? समोरची घोडी बघून नाचायचं नाय! कोण तू? राणी लागून गेलीस?" लोक थांबले, हसले, पुढे गेले. अण्णा थांबेना. बादली आपटली, साखळी वाजवली, घोडीच्या सात पिढ्या काढल्या. घोडी बिचारी कान पुढे करून ऐकत होती. मला आधी वाटलं, चळला. मग लक्षात आलं. टेम्पोचा पत्रा पातळ. बाहेर माणसं दोन हातांवर. आतलं काही म्हणता काही बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हा एवढा घसा फोडत होता.

मी दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. सरू कधी रस्त्यात "जरा थांबा" म्हणाली की मी वीस पावलं पुढे जाऊन बिडी पेटवायचो. तोंड फिरवून. मला लाज वाटायची, जशी काय चूक तिची. शेवटच्या महिन्यात दवाखान्यात ती नर्सची वाट बघत कळ काढत पडून राहायची. मी शेजारीच स्टुलावर. मी म्हणायचो, मला सांगायचं ना. ती म्हणायची, तुम्हाला कशाला. दुसऱ्यांच्या बायकांचे संडास बसवत माझी उमर गेली आणि माझ्या बायकोला मला सांगायचा धीर झाला नाही.

अण्णाला खोकला आला. मधेच आवाज तुटला. बोळात एकदम शांत.

मला घोडीशी भांडता येत नाही. तरी मी पुढे झालो आणि ओरडलो, "बोलत का नाहीस गं? तोंड नाही का तुला? इथेच उभा होतो ना मी! सांगायचं होतंस!" काय काय बोललो आठवत नाही. अण्णा खोकायचा थांबून माझ्याकडे बघत होता. त्याने मला अडवलं नाही.

कडी निघाली. वहिनी पाइपला धरून सावकाश उतरली, पदर सारखा केला आणि अण्णाला म्हणाली, "सारंगखेड्याला किती दिवस राहायचं म्हणता?"

ओरडून अण्णाचा घसा बसला होता. त्याने आठ बोटं दाखवली.

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, एवढं कुणावर ओरडत होता?"

"घोडीवर."

"का? काय चुकलं तिचं?"

"काही नाही," मी म्हटलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.