वायर काढून दाखवण्याचा कार्यक्रम

नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनीयर बाईंनी साहेबांना एवढंच सांगितलं होतं, की ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणाऱ्या नव्या तिन्ही स्विचवर आता लिंक-स्टेट राउटिंग सुरू केलंय. कुठली वायर चालू, कुठली बंद, हे प्रत्येक स्विच बाकीच्यांना कळवतो. एक वायर तुटली तरी ते आपसांत दुसरा रस्ता शोधतात. साहेबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी थेट डायरेक्टर मॅडमनाच बोलावलं. त्यांना पटलं, तर सगळ्या शाखांत हीच व्यवस्था होणार होती.

अकराला तिघं स्विचच्या खोलीत शिरले. मागे दार लागलं.

"आता ही वायर काढतो," साहेब म्हणाले. "कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"साहेब, मी एकदा तपासून..."

तोवर वायर साहेबांच्या हातात होती. भिंतीवरच्या पडद्यावरचे हिरवे ठिपके भराभर लाल झाले. बाहेरून आवाज आला, "तुझंपण गेलं का रे?"

"चुकीची निघाली वाटतं," म्हणत साहेबांनी दुसरीही ओढली. त्यासरशी कार्डावर उघडणाऱ्या दारानंही मान टाकली. तेही त्याच नेटवर्कवर होतं.

इंजिनीयर बाईंनी लॅपटॉप जोडला आणि कपाळाला हात लावला. दोन स्विच त्यांनी नीट तपासले होते. तिसरा त्याच मॉडेलचा, म्हणून गृहीत धरला होता. त्यात निघालं जुनं सॉफ्टवेअर, आणि त्याला लिंक-स्टेटचा गंधही नव्हता.

"म्हणजे दोघं बोलतायत आणि तिसरा ठार बहिरा," मॅडम म्हणाल्या.

"हो. चूक माझीच. पंधरा मिनिटं द्या, नवं सॉफ्टवेअर घालते. तोवर वायरी लावू नका, मध्येच बिघडेल."

"घ्या की. जाणार कुठे आहोत आपण?" मॅडम खोक्यावर ऐसपैस बसल्या.

"साहेब, सही हवी होती," बाहेरून कारकून म्हणाला आणि दाराखालून कागद सरकवला. साहेबांनी दोन्ही वायरी काखेत धरून सही केली. मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

अखेर तिसरा स्विच बोलू लागला. वायरी जागेवर गेल्या, ठिपके हिरवे झाले, दार उघडलं.

"आता मी काढते," म्हणत मॅडमनी वायर ओढली. तिघांनी बाहेर कान लावले. बाहेर कीबोर्डांची टकटक तशीच चालू राहिली.

"झालं?"

"झालं," इंजिनीयर बाईंचा चेहरा फुलला.

"छान. सगळ्या शाखांत बसवा." मॅडम दाराशी थांबल्या. "पण तिथे दाखवताना मघाचाच प्रयोग दाखवा. ह्यात बघण्यासारखं काही नाही."