अमरावतीच्या स्वारीची आणि रिकाम्या कोपऱ्याची हकीकत

प्रथम नमन चुलीस, मग चुलीमागील डब्यांच्या उतरंडीस, आणि मग त्या सूर्यनारायणास, ज्याच्या मेहेरबानीवाचून वऱ्हाड मुलखात कोणतेही वाळवण सिद्धीस जात नाही. या तिघांस साक्षी ठेवोन पुढील मजकूर लिहिला असे.

हकीकत ऐसी जे, कसबे अकोले येथे शहराच्या कडेस भाजीचा मळा राखून असणाऱ्या अखंडितवाग्वैभवसंपन्न मातोश्री मनकर्णाबाईसाहेब, ज्यांची शाळा तिसऱ्या यत्तेत आटोपली आणि ज्यांची जीभ त्यानंतर कधी आटोपली नाही, यांची आपल्या धाकट्या नातीच्या वर्तणुकीविषयी मोठी फिर्याद होती. नातीचे नाव दामिनी. ती अमरावतीस राहून ग्राफिक डिझाइन नामक विद्या शिकत होती. ही विद्या म्हणजे नेमके काय, ऐसे तिचे वडील केशवराव यांस कोणी पुसले असता ते "कॉम्प्युटरचं हाय काहीतरी" इतकेच बोलोन मळ्याकडे चालू लागत.

पोर सुटीस घरी येई आणि ताटातील वरणभात पाहून यास कॉन्ट्रास्ट नाही म्हणे. बाजारात नेली तर दुकानाची पाटी वाचीत नसे, पाटीवरील अक्षरे एकमेकांस चिकटली अथवा दुरावली म्हणोन भर रस्त्यात उभी राहून हळहळत असे, आणि मागोन येणारी रिक्षा भोंगा वाजवीत असे. चौकात चुलत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्यावर घराण्यातील समस्त पुरुष मंडळी गॉगल लावोन विराजमान होती, तो पाहून पोरीने दोन्ही हातांनी डोळे झाकिले. एके समयी महिनाभर खपून तिने पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका काढून आणिला आणि हा क्लासचा प्रोजेक्ट आहे ऐसे कळविले. मातोश्रींनी कागद उजेडाकडे धरिला, मग उलटा धरिला, मग शांतपणे पुसले, "अन बाकीचं कवा काढशीन?" तेव्हा पोर रुसोन माडीवर गेली. इतुके सारे मातोश्रींनी सोसले. परंतु पुढे जो प्रकार जाहला तो सोसण्याजोगा नव्हता.

थोरली नात रागिणी, तिचे लग्न मूर्तिजापूरकरांकडे ठरले होते. लग्नात वधूपक्षाने आपल्या हातच्या जिनसा रुखवतात मांडाव्या आणि वरपक्षाच्या बायांनी येऊन त्यांत खोड काढावी, हा दस्तूर. त्यात मातोश्रींच्या गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या, ज्यांस इतर मुलखांत कुरडया म्हणतात, त्या म्हणजे खाशी फौज. जाळी ऐशी की पलीकडचा माणूस ओळखू यावा, आणि पांढऱ्या ऐशा की बगळ्याने मान खाली घालावी. साखरपुड्याचे दिवशी मातोश्रींनी भर मजलिशीत विहीण पार्वताबाई यांस ऐकविले होते की, "असी कुरोडी तुमच्या मूर्तिजापुरात कोनं पाहली नसन." त्यावर पार्वताबाई रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत, किंचित हसल्या आणि "पाहू नं रुखवतात" इतुकेच बोलल्या. ते हसणे मातोश्रींच्या छातीत बाभळीच्या काट्याप्रमाणे रुतोन बसले होते.

मग लग्न परवावर आले आणि मातोश्रींनी डबा उघडिला, तो आत भुगा. भुग्यावाचून काही नाही. घरात हाकाटी जाहली, जबान्या घेतल्या गेल्या, आणि अखेर रागिणीने हळद लागण्याआधीच पिवळी होऊन कबूल केले की, कुरोड्या दामिनीने अमरावतीस नेल्या, अखेरच्या प्रोजेक्टास पाहिजेत म्हणोन नेल्या, आणि आजीस लग्नाआधी परत आणून देते ऐसा करार होता. नव्या कराव्या तर गहू भिजण्यास, चीक निघण्यास अवधी नाही, आणि आभाळ भरोन आलेले. मूर्तिजापूरकरांपुढे रिकामी परात मांडावी लागणार, आणि पार्वताबाई पुन्हा तैशाच हसणार. या विचारासरशी मातोश्रींनी कमरेस पदर खोचिला आणि केशवरावांस फर्माविले की, मळा राहू दे, मांडववाला राहू दे, आताच्या आता अमरावतीस कूच.

मग खासा स्वारी एसटीच्या थांब्यावर दाखल जाहली. खिडकीची जागा एका तरण्याने रुमाल टाकोन आधीच काबीज केली होती. मातोश्रींनी रुमाल उचलोन, झटकोन, घडी घालोन त्याच्या हाती दिला आणि ठाणे घेतले. मागे केशवराव भाकरीची पिशवी आणि छत्री सांभाळीत उभ्याने आले. मूर्तिजापूर येता मातोश्रींनी खिडकीचा पडदा ओढिला आणि शत्रूच्या मुलखाकडे पाहिलेसुद्धा नाही. मग बडनेरे मागे पडले आणि स्वारी अमरावतीत उतरोन कॉलेजाच्या वेशीवर धडकली. तेथील पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितले. मातोश्रींनी त्यास आपादमस्तक न्याहाळले आणि पुसले, "माही ओळख तुले आत्ताच पायजे का?" पहारेकरी शहाणा होता. दरवाजा मोकळा जाहला.

आत एक मोठे दालन होते आणि तेथे मातोश्री जागीच थबकल्या. भिंतीशी परोपरीच्या जिनसा मांडिल्या होत्या, पोरेपोरी धुतल्या वस्त्रांत आपापल्या जिनसांपाशी अंग चोरून उभी होती, आणि हाती कागद घेतलेल्या तीन असामी एकेकापुढे थांबोन, मान तिरपी करोन, नाक मुरडीत होत्या. मातोश्रींस कोणी काही सांगण्याची गरजच पडली नाही.

"केशव," त्या हळूच बोलल्या, "हे तं रुखवत हाय."

"माय, हे ज्युरी हाय. परीक्षा."

"चूप. मले नको शिकवू. पोरीवाले कोनते अन पोरावाले कोनते, मले दिसून राह्यलं."

इतक्यात त्यांची नजर टोकाच्या भिंतीवर गेली. तेथे एक भला थोरला काळा पुठ्ठा टांगिला होता आणि त्यावर त्यांची खाशी फौज, एकेक शिपाई, पांढऱ्या डिंकाने कायमचा जेरबंद केलेला होता. रांगांवर रांगा होत्या. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा, काळा, भकास. मातोश्रींनी केशवरावांच्या हातची छत्री ओढोन उलटी धरिली. केशवरावांनी डोळे मिटिले.

परंतु त्याच समयी दामिनीची पाळी आली. कायदा ऐसा होता की प्रत्येकाने वर्षभराच्या प्रोजेक्टांकडे मागे वळोन पहावे आणि त्यांपासून काय बोध घेतला ते परीक्षकांपुढे निवेदन करावे. पोर थरथरत्या आवाजात बोलू लागली की, ठिपक्याच्या प्रोजेक्टाने मला थांबायला शिकवले, अक्षरांच्या प्रोजेक्टाने मला ऐकायला शिकवले, आणि चहापत्तीच्या पाकिटाने मला माणसाच्या हाताचा विचार करायला शिकवले.

"ठिपक्यानं थांबाले शिकवलं," मातोश्री पुटपुटल्या, "अन डबा रिकामा करतांनी कुठी गेलता ठिपका?"

मग पोर कुरोड्यांकडे आली. आकाशातून एखाद्या गच्चीकडे पाहिले असता वाळवण जैसे दिसावे तैसे हे चित्र, ऐसे तिने सांगितले. तेव्हा बाहेरगावाहून आणविलेले थोर परीक्षक, नामे देवमन सर, ज्यांची दाढी पिकलेली आणि खादीचा कुर्ता मुद्दाम चुरगळलेला होता, ते पुढे झाले आणि त्यांनी त्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेविले.

"इथं काहीच नाही."

"सर, ती निगेटिव्ह स्पेस आहे."

"ते दिसतंय. पण का आहे? भरला का नाहीस?"

पोर नुसती त्या कोपऱ्याकडे पाहू लागली. उरलेल्या दोघा परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि एकाने कागदावर लेखणी टेकविली. वर्षभराचे खपणे त्या लेखणीच्या टोकाशी लोंबकळत होते. पोरीचे डोळे भरोन आले.

आता मातोश्री आल्या होत्या त्या नातीचा समाचार घेण्यास. परंतु आपल्या पोरीच्या मांडणीपुढे परका माणूस उभा राहतो आणि बोट दाखवोन उणे काढितो, हे दृष्टीस पडले म्हणजे मातोश्रींचा देह मनास न पुसता चालू लागतो, ऐशी त्यांची प्रकृती. छत्री होती तैशीच राहिली, मात्र तिचा रोख फिरला.

"रिकामं कोन म्हनलं जी?"

सारे दालन वळोन पाहू लागले. देवमन सरांनी चष्मा वर केला. "आपण कोण?"

"कुरोड्यावाली. तुमी गच्चीवर वाळवण पाहलं हाय का कदी? उभं राहून? का फोटोतच?"

सरांनी चष्मा पुसावयास घेतला.

"वाळवण घातलं का कोपऱ्यात बाई बसते, काठी घेऊन. तिथं कुरोडी कसी घालान? बाईच्या मांडीखाली?"

कोणीतरी फिस्सकन हसले. सरांनी पुन्हा चित्राकडे पाहिले, मग सावरोन बोलले, "पण आजी, ती बाई तर दिसत नाही चित्रात."

"कसी दिसन? कावळे हाकलाले उठली नं!"

थोर परीक्षक पुठ्ठ्याजवळ गेले, मागे सरले, मान तिरपी केली, मग सरळ केली, आणि खिशातून स्वतःची लेखणी काढून बराच काळ काही लिहीत राहिले. मातोश्रींच्या अनुभवात विहीण गप्प होऊन पानाचा डबा उघडू लागली म्हणजे गड पडला, त्याच जातीचे हे चिन्ह, ऐसे त्यांनी ओळखले. मग सरांनी पोरीस पुसले की तुझा कॉन्सेप्ट हाच होता काय. पोरीने सरांकडे पाहिले, आजीकडे पाहिले, छत्रीकडे पाहिले आणि "हो सर" म्हणाली.

पुढे तहाची कलमे ठरली. कॉलेजाचे म्हणणे की चित्र प्रदर्शनास ठेवावे. मातोश्रींनी हुकूम केला की, "फोटो काढा अन त्या फोटोले मार्क द्या. पुठ्ठा लग्नाले चालला." तह मंजूर जाहला.

परतीचे मार्गी पुठ्ठा तिघांच्या मांडीवर आडवा, त्यावर दामिनीच्या वसतिगृहातील चादर, ऐसा सरंजाम चालला. मूर्तिजापुराच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा मातोश्रींनी चादर चारी बाजूंनी खोचिली, कारण रुखवत आधी दृष्टीस पडणे म्हणजे किल्ल्याचा नकाशा गनिमाच्या हाती देणे. एक काकडीवाला खिडकीशी येऊन पुसता जाहला, "काय हाय व आजी चादरीखाली?"

"आरसा हाय. पाहशीन तं भेशीन."

गाडी पुन्हा चालू जाहली, केशवरावांस डुलकी लागली, आणि मग दामिनी हळू आवाजात बोलली, "आजी, खरं सांगू? कोपरा मी मुद्दाम नोता ठेवला. नेतांनी गाडीत कुरोड्या मोडल्या. पुरल्याच नाई."

"समजलं मले. तुह्या थोबाडावरच लिहलं होतं."

"ठिपकाबी तसाच. दुसरं काई सुचलंच नाई. थांबाले शिकवलं का काय, ते म्या मागून ठरवलं."

"अन अक्षरं? चहापत्ती?"

पोर थोडा वेळ बाहेर पळणाऱ्या काळ्या वावरांकडे पाहत राहिली. "चहापत्तीचं खरं हाय. म्या बनवलेलं पाकीट बाबाले उघडाले देल्लं, तं त्याच्या हातानं ते फाटेच ना. मंग पुरं बदलवलं. बाकी अर्धं खोटं."

"खोट्याचं मले काई नाई," मातोश्री बोलल्या. "पन मागून ठरवाचं तं समोरचा इच्यारेपर्यंत कायले थांबाव? त्याच्या पह्यले ठरवत जाय."

मग लग्नाचा दिवस उगवला. मंगल कार्यालयात रुखवत मांडिले, मधोमध काळा पुठ्ठा उभा केला, आणि वरपक्षाच्या बाया भरजरी शालू सावरीत चालोन आल्या. आघाडीस खासा पार्वताबाई. त्यांनी शेवया पाहिल्या, लाडू पाहिले, विणलेले तोरण पाहिले, आणि पुठ्ठ्यापुढे येऊन थांबल्या. मातोश्रींच्या छातीतील काटा हलू लागला. मग पार्वताबाई किंचित हसल्या, ते तेच साखरपुड्याचे हसणे.

"कुरोड्या बऱ्या हायेत, इहीणबाई. पन हा कोपरा रिकामा काहून? गहू पुरला नाई का?"

वार वर्मी होता. मागील बायांनी पदर तोंडास लाविले. मातोश्रींनी जबाब देण्यास तोंड उघडिले, इतक्यात दामिनी त्यांच्या बाजूने पुढे सरोन उभी राहिली. या वेळी तिचा आवाज थरथरला नाही.

"गहू पुरून उरला, काकू. ते तुमची बसाची जागा हाय. आता ताई तुमच्या गच्चीवर कुरोड्या घालीन, तं काठी घेऊन कावळे हाकलाले कोन बसन?"

मग वरपक्षाच्याच एका म्हाताऱ्या आत्याबाई खो खो हसल्या, मग दोन्हीकडच्या साऱ्या बाया हसल्या, आणि हसू आवरता आवरता पार्वताबाईंनी कपाळास हात लाविला, "बसन बापा, बसन! पन कुरोड्या अश्याच करजो म्हना तिले," ऐसे बोलोन पोरीच्या गालावरून बोटे उतरवोन आपल्या कानशिलावर मोडिली.

येणेप्रमाणे मूर्तिजापूरकरांची फौज हसत हसत नामोहरम जाहली. रुखवताचा मान वधूपक्षाकडे कायम राहिला, अमरावतीहून दामिनी पास जाहल्याची वर्दी फोनावर दाखल जाहली, आणि ही फत्ते साऱ्या मांडवाच्या साक्षीने नोंदली असे. दामिनी विजयी मुद्रेने आजीजवळ आली आणि काही गौरवाचे ऐकावयास मिळेल म्हणोन उभी राहिली. मातोश्रींनी तिची वेणी नीट केली, पदराने तिच्या बोटावरील वाळलेला डिंक खरवडून काढिला, आणि भर मांडवात निकाल दिला:

"बोलली चांगली. पन आता मले पुसल्याबिगर डब्याले हात लावशीन, तं त्या कोपऱ्यात तुलेच चिकटवीन."