कुप्याचे शुद्धिपत्र

समुद्राचे रक्षण करायचे असेल, तर समुद्र दिसणार नाही अशा जागी बसावे लागते. तो समोर असला की माणूस त्याच्याकडे पाहत राहतो आणि कागद मागे पडतात. याच विचाराने कुपा शाश्वत व्यवस्थापन कक्षाचे कार्यालय पनवेलमध्ये, गाद्यांच्या एका दुकानाच्या वर थाटण्यात आले. (कुपा म्हणजे हल्ली हॉटेलात ज्याला टूना म्हणतात तो मासा. गाद्यांचा त्याच्याशी संबंध नाही.)

कक्षाचे काम साधे होते. समुद्रात कुपा किती उरला हे खाली उतरून मोजणे अव्यवहार्य. म्हणून बाजारात रोज किती येतो ते मोजायचे. आकडा टिकून राहिला तर मासेमारी शाश्वत, आणि शाश्वत ठरली की मोठ्या बोटींना परवाने. आकडा घसरला तर मोठ्या बोटी बंद. इतकी न्याय्य पद्धत शोधून सापडायची नाही.

मोजणीसाठी सुकापूरच्या कमलाकररावांची निवड झाली. ते निवृत्त ग्रंथपाल. छत्तीस वर्षांत त्यांच्या ग्रंथालयातून एकही पुस्तक गहाळ झाले नव्हते (वाचकांच्याही ती सहसा हाती लागत नसत). शिवाय ते जन्मापासून शाकाहारी, त्यामुळे माशांविषयी त्यांचा काही पूर्वग्रह असण्याचा प्रश्न नव्हता.

कार्यालयीन वेळेप्रमाणे ते रोज साडेदहाला मासळी बाजारात सोनाबाईच्या ओट्यापाशी येऊन उभे राहत. कुपा विकणारी बाजारात ती एकटीच. साडेदहापर्यंत तिने मासे कापून तुकड्या ओळीने मांडलेल्या असत. कमलाकररावांनी आयुष्यात अख्खा कुपा पाहिलेला नव्हता. सारख्या आकाराच्या वस्तू ओळीत दिसल्यावर कोणताही ग्रंथपाल करील तेच त्यांनी केले. प्रत्येक तुकडीला स्वतंत्र दाखल क्रमांक दिला. एका चरित्राचे चार खंड आले तर चार नोंदी होतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. पहिल्या दिवशी तीन कुपे आले होते. वहीत चोपन्न झाले.

आधीचा निरीक्षक रोज तीनच लिहीत असे. (तो मासे खाणारा असल्यामुळे तटस्थ राहू शकत नव्हता.) अहवालात कुप्याची वाढ अठरापट भरली, कक्षप्रमुख शैलेश साहेबांचा सत्कार झाला आणि मोठ्या बोटींना एका वर्षाचे परवाने मिळाले.

त्यानंतर सोनाबाईचा भाऊ महादेव आपल्या छोट्या होडीतून तीनऐवजी दोन कुपे आणू लागला. मग एक. पण गिऱ्हाइके जुनी, कुणाला रिकाम्या हाती पाठवायचे? सोनाबाई तुकडी पातळ करत गेली. आधी बोटभर जाड होती, ती पुढे भाकरीएवढी आणि शेवटी पापडाएवढी झाली. तीन मासे होते तेव्हा चोपन्न, एक उरला तेव्हाही चोपन्न. कक्षाने या स्थैर्याची खास नोंद घेतली.

एके दिवशी सोनाबाईने विचारले, "काका, तुमी त्या वहीत रोज लिवताय तरी काय?"

"चोपन्न कुपे."

तिने कोयता खाली ठेवला. "आवो काका, यो एकच मासा हाय! डोकी बघा. एकच हाय ना? का तुमाला चोपन्न दिसतात?"

कमलाकररावांनी डोके मोजले. परत मोजले.

"तुमच्या चोपन्नापायी त्या मोठ्या बोटी आल्या व्हय!" सोनाबाई म्हणाली. "भावाची होडी रिकामी फिरतेय. त्यांचं परवानं अजून वरीसभर वाढलं, तर मी यो ओटा सोडला म्हनून समजा. आमी काय पुस्तकं इकावी? खरं ते लिवा, काका."

कमलाकररावांनी घरी जाऊन शुद्धिपत्र लिहिले: 'चोपन्नऐवजी एक असे वाचावे.' मग सुरुवातीला 'कृपया' घातले, खोडले, पुन्हा घातले. कागद नऊ दिवस खिशात राहिला. चूक आपलीच कशावरून, अशी शंका त्यांना यायची. मग चूक आपलीच असणार, अशी खात्री पटायची. दहाव्या दिवशी त्यांनी तो शैलेश साहेबांसमोर ठेवला.

साहेब वाचून गहिवरले. "सर, काय लिहिलंय! हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे."

"आणि आकडा?"

"आकडा मंजूर झालाय हो. त्याला आता कुणी हात लावू शकत नाही."

मात्र परवान्यांच्या नूतनीकरणाला आणखी एक अट होती आणि ती अडून बसली होती: महिनाअखेरपर्यंत पाचशे जागृत नागरिक. जागृत नागरिक म्हणजे कुप्याची खरी स्थिती ज्याने शेवटपर्यंत वाचली तो. (वाचल्यानंतर काही करणे बंधनकारक नाही.) पाचशे भरले तर परवाने वाढणार, एक जरी कमी पडला तरी बोटी बंद. साहेबांनी शुद्धिपत्र तातडीने छापायला दिले. एका ओळीचा मजकूर कुणी वाचत नाही, म्हणून त्याची गोष्ट करण्याचे ठरले.

कमलाकरराव बाजारात गेले. ओट्यावर त्या दिवशी तुकड्या नव्हत्या. सोनाबाई ओटा नुसताच धूत होती.

"घेतला का कागद त्यांनी?"

"घेतला. छापतायत."

"मंग थांबतील आता बोटी?"

कमलाकरराव वहीकडे पाहत म्हणाले, "पाचशे लोकांनी वाचलं नाही, तर थांबतील."

सोनाबाई हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. "मंग काय भ्या नाय काका. हल्ली एवढं वाचतंय कोन?"

कमलाकररावांनाही छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून ते पटले. त्या दिवशी ते बरेच हलके होऊन घरी गेले.

महिना आज संपतो आहे. कालपर्यंत चारशे नव्व्याण्णव झाले होते. आपण इथवर वाचलेत. कक्ष आपला आभारी आहे.