राजधानीखालचा पाइप

सकाळी आठ चाळीसची गाडी राजधानीत शिरताना डावीकडे कलली आणि जनरल मॅनेजरांनी चहाचा कप व्हरांड्याच्या कठड्यावर आदळला. फलाट दोन बोटं खचला होता. स्टेशनमास्तर चिखलात पालथा पडला होता. हे सगळं कुणाला विचारून झालं, एवढाच प्रश्न जनरल मॅनेजरांच्या मुद्रेवर उमटला होता.

ही राजधानी त्यांच्याच घरामागच्या बागेत, पेरूच्या झाडाखाली होती. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे पर्णदेश नावाचा देश वसवला. नकाशा स्वतः काढला, कायदे स्वतः लिहिले, मातीची दोनशे चौदा माणसं रंगवून प्रजा म्हणून उभी केली आणि त्या प्रजेसाठी वीतभर उंचीच्या डब्यांची, विजेवर चालणारी रेल्वे सुरू केली; तिचे जनरल मॅनेजरही स्वतःच झाले. कुंडीघाट, शेवाळवाडी, नळपूर जंक्शन आणि राजधानी. दिवसाला बावीस गाड्या. बत्तीस वर्षं ज्या माणसाचं कचेरीतल्या शिपायानेही ऐकलं नव्हतं, त्याच्या शिट्टीवर आता एक देश हलत होता. सहा वर्षांत एकही गाडी रद्द नाही, एकही मिनिटभरसुद्धा उशिरा नाही. कुणाचा देव गाभाऱ्यात असतो, यांचा वेळापत्रकात होता. आणि खरं सांगायचं तर त्यांची भक्ती पुष्कळ भाविकांना लाजवील अशी होती. भक्तीच्या शेजारी अहंकारही हळूच पथारी टाकतो, तेवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"हा भूकंप आहे," ते म्हणाले.

"हा पाइप आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "नळाला करंगळीएवढी धार येतेय. प्लंबरला बोलावते."

प्लंबर अकराला आला. जमिनीला कान लावून त्याने ऐकलं आणि बरोबर राजधानीच्या डोक्यावर कुदळ उगारली. जनरल मॅनेजर मध्ये उभे राहिले. गाड्या संध्याकाळी सहा वीसपर्यंत चालतात, मध्ये एक पाच ते एक पस्तीस एवढाच अर्धा तास मार्ग मोकळा असतो, आणि त्यासाठीही रीतसर अर्ज लागतो, असं त्यांनी बजावलं. प्लंबर म्हणाला की काम चार तासांचं आहे, आणि आपण आजवर खऱ्या रस्त्यांवरही अर्जाशिवाय खणलंय. मग सहा वीसनंतर या, असं ठरवायला गेलं तर तो सहानंतर हत्याराला हात लावत नव्हता.

"तुमचं जसं वेळापत्रक, तसं माझंही आहे काका," तो म्हणाला. वेळापत्रकाला नाही म्हणणं जनरल मॅनेजरांच्या धर्मात बसत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप आला.

बायकोने मध्ये पडून तोड काढली: रोज एक पाच ते एक पस्तीस खणायचं. पहिल्या दिवशी प्लंबर गुडघाभर खाली गेला आणि शिट्टी वाजली. खड्डा बुजवला, राजधानी पुन्हा मांडली, एक पस्तीसची गाडी वेळेवर गेली. दुसऱ्या दिवशी त्याने तोच खड्डा खणला आणि तोच बुजवला. बायको शेजारणीकडून बादल्या आणत होती. शेजारीण पहिल्या दिवशी हसून पाणी द्यायची, दुसऱ्या दिवशी नुसतंच द्यायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी अजून नाही का झालं, असं विचारून मग नळ सोडायला लागली.

"दोनशे चौदा माणसांचा संसार चालवता," बायकोने बादली ठेवत सुनावलं. "त्यातलं एकही आंघोळ मागत नाही म्हणून बरं. मी मागते."

"सहा वर्षांत एक गाडी चुकलेली नाही. ते मोडू?"

"माझी कंबर मोडली तर चालेल. तिचं वेळापत्रक कुठे लिहिलंय."

तिसऱ्या दिवशी तोच खड्डा तिसऱ्यांदा खणताना प्लंबरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ रागही चढला. चौथ्या दिवशी तो एक जाड फळी घेऊनच आला. खड्डा उघडा राहील, रूळ फळीवरून जातील, आपण खाली काम करू. नाहीतर दुसरा प्लंबर शोधा. जनरल मॅनेजरांनी पूल म्हणून फळीची तपासणी केली, तिच्यावर उड्या मारून पाहिल्या, वेगमर्यादा ठरवली आणि राजधानी तात्पुरती खड्ड्यापलीकडे चार विटांवर हलवली. गाडी आली की प्लंबरने मान खाली घालायची, एवढी एकच अट त्याच्या वाट्याला आली. दुपारपर्यंत तो स्वतःच विचारू लागला, "दोन पन्नासची मालगाडी ना ही? गेली की सांगा, मान आखडलीय."

चारच्या सुमाराला त्याचा हात पाइपाला लागला. मेन व्हॉल्व्ह बंद करून या, असं त्याने वर न बघता सांगितलं. जनरल मॅनेजर निघाले. पण वाटेत नळपूर जंक्शन लागलं आणि चार दहाच्या गाडीला सिग्नल द्यायची वेळ झाली होती. सिग्नल देऊन ते समाधानाने परतले. झालं का, असं प्लंबरने विचारलं. झालं, असं ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने झालंच होतं.

प्लंबरने पाइपात अडकलेलं काहीतरी उपसून काढलं आणि पाण्याचा फवारा थेट पेरूच्या शेंड्याला लागला. फळी सरकली. वळणावर गाडी दिसत होती. जनरल मॅनेजरांनी जोरात शिट्टी फुंकली, पण शिट्टीत पाणी गेलं होतं. तेवढ्यात बायको भरली बादली घेऊन फाटकातून आत आली. तिने बादली टाकली, चालती गाडी उचलली, इंजिन एका काखेत आणि दोन डबे दुसऱ्या काखेत धरून खड्डा ओलांडला आणि पलीकडच्या रुळांवर सगळं पुन्हा जोडून ठेवलं. मग जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. गाडी चार वाजून दहा मिनिटांनी विटांवरच्या राजधानीत पोचली.

नखशिखान्त भिजलेल्या जनरल मॅनेजरांनी शिट्टीतलं पाणी झटकलं. "चालत्या गाडीला हात लावलास. याची चौकशी होईल."

"ती नंतर करा," प्लंबर खड्ड्यातून म्हणाला. त्याच्या हातात हातभर लांब लोखंडी सळई होती आणि तिच्या टोकाला लाल रंगाची चकती. "आधी सांगा, हे पाइपात कुणी ठोकलं?"

तो राजधानीचा नवा सिग्नल होता. तो कुणी ठोकला, हे सांगायला साक्षीदाराची गरज नव्हती.

बायकोने हात पुसले, घरातून पर्णदेशाच्या कायद्यांची वही आणली आणि सतरावा नियम शांतपणे वाचला. देशाच्या अथवा घराच्या मालमत्तेला इजा करणाऱ्यास, पदाचा मुलाहिजा न ठेवता, एक महिना सेवेतून दूर करण्यात येईल.

"हा मी तुझ्यासाठी लिहिला होता," ते म्हणाले. "तू सिग्नलवर ओलं पायपुसणं वाळत घातलंस तेव्हा."

"तसं लिहिलेलं नाही."

माणूस रागीट होता, पण खोटा नव्हता. स्वतःच्या निलंबनाच्या हुकुमावर त्यांनी स्वतःच सही केली आणि शिट्टी बायकोच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवसापासून ते व्हरांड्यात घड्याळ घेऊन बसू लागले. बावीस गाड्या, बावीसही वेळेवर. पुढच्या दिवशीही तसंच. आपली सहा वर्षांची तपश्चर्या मोडू नये असं त्यांना वाटत होतं, आणि ती आपल्यावाचूनही मोडत नाही याने जीव जळत होता. प्लंबर आता कामाशिवायच येऊन पायरीवर बसत असे आणि म्हणे, "काकूंचा हात चांगला बसलाय."

सहाव्या दिवशी तीन वीसची गाडी कुंडीघाटाहून निघाली आणि त्यांना रुळावर पेरूचं एक मोठं वाळकं पान दिसलं. बायकोचं लक्ष नव्हतं. गप्प बसलं तर गाडी अडेल, आणि या रेल्वेला कुणाची गरज आहे ते जगाला कळेल. ते क्षणभर गप्प बसले. मग त्यांना राहवेना. चपला व्हरांड्यातच सोडून ते अनवाणी धावले, रुळांलगतचं कुंपण ओलांडलं आणि रुळावर वाकून पान उचललं.

मागे शिट्टी वाजली. बायकोने वीज तोडली होती. गाडी त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर थांबली.

"अहो, पान तर इंजिनानेच ढकललं असतं की," प्लंबर पायरीवरून म्हणाला.

ते बाजूला होईपर्यंत, वीज पुन्हा सुरू होईपर्यंत, गाडी राजधानीत पोचेपर्यंत एक मिनिट गेलं. बायकोने नोंदवही उघडली. जनरल मॅनेजर पान हातात धरून तिच्या खांद्यावरून वाचत होते. तीन वीसची गाडी, एक मिनिट उशीर. कारण: रुळावर एक अनधिकृत इसम.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"निदान 'माजी जनरल मॅनेजर' असं तरी लिही," ते शेवटी म्हणाले.

तिने रकाना नीट पाहिला. "तेवढी जागा नाही हो त्यात," ती म्हणाली, आणि पुढच्या गाडीला सिग्नल दिला.