वाटीवरची तारीख

स्वीडनमध्ये मी जिथे शिकलो, तिथल्या दुकानांत बाटल्या गिळणारं एक यंत्र असतं. रिकामी बाटली त्याच्या तोंडात टाकली की ते पैशांची चिठ्ठी देतं. दोन वर्षं मी त्या यंत्रापुढे भक्तिभावानं उभा राहिलो आणि यवतमाळला परतलो तो एकच निश्चय करून : आपल्या कॉलनीतलं प्लास्टिक जळणार नाही!

"पन्नास किलो," बाबा म्हणाले. ते एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, त्यामुळे बोलणं तिकिटाएवढं. "एका महिन्यात पन्नास किलो जमव. नाही त गपचूप तलाठी भरतीचा क्लास लाव."

मी हात पुढे केला. (स्वीडनमध्ये करार असाच होतो. बाबांनी माझ्या हातात दुधाची किटली दिली.)

योजना सोपी होती. धुतलेल्या प्लास्टिकची एक पिशवी द्या, स्टीलची एक वाटी घ्या. पिशवी आणून देण्याचेही कष्ट नकोत, मीच हातगाडी घेऊन सकाळी सात वाजता दारात हजर. वाट्यांवर घोषवाक्य कोरून घ्यायला मी परवेजकडे गेलो. भांड्यांवर नावं कोरावीत तर त्यानंच.

त्यानं माझं घोषवाक्य वाचलं. "भाई, वाटी है, परात नहीं."

"मग नुसतं माझं नाव टाक. संघर्ष. आणि खाली आजची तारीख."

परवेजचं यंत्र थांबलं. "खुद का नाम? अकेला?"

"हो."

"घर में सब ठीक है ना, भाई?"

"एकदम!"

मग त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि बिस्किटंही. (मला वाटलं, पर्यावरणाबद्दलचा आदर.)

पहिल्या दिवशी हातगाडी घेऊन मी शेजारच्या नलूकाकूंच्या दारात हाक दिली. त्या आतल्या कोणाला तरी म्हणाल्या, "रातच्या दोन पोळ्या असतीन त आण वं. एवढा शिकला पोट्टा, पाह्य काय वेळ आली!"

पोळ्या मिळाल्या, प्लास्टिक नाही. कचऱ्यावर वाटी फुकट मिळते म्हटल्यावर लोकांना त्यात काहीतरी लफडं दिसायचं. सव्वीस दिवसांत जमले आठ किलो, त्यातले पाच आमच्याच घरचे. आईनं इमानदारीनं पिशवी देऊन वाटी जिंकली, तिच्यात चिवडा भरला आणि बाबांच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती बोरी अरबला हंसाआत्याकडे पाठवून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. चिवडाच तो, त्यात काय सांगायचं?

स्वीडनहून आत्याला मी दर आठवड्याला फोन करायचो : "आत्या, प्लास्टिक चुलीत घालू नको. धुऊन ठेव." ती म्हणायची, "व्हय बाप्पा, व्हय." आणि त्यावरच चहा उकळायची. हातगाडी सुरू झाल्यापासून मात्र फोन राहूनच गेला होता.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. अजून बेचाळीस किलो हवे होते. बाबा ओट्यावर बसून क्लासचा फॉर्म वाचत होते. तेवढ्यात फाटकापुढे मालवाहू ऑटो थांबला आणि त्यातून अकरा माणसं उतरली. सर्वात पुढे हंसाआत्या, डोळ्यांना पदर लावून.

"धर रे, हे आत ठेव," मान वर न करता तिनं माझ्या हातात गोणी दिली.

गोणीत प्लास्टिक होतं. धुतलेलं, वाळवलेलं! मागोमाग दुसरी गोणी, तिसरी... खताच्या रिकाम्या थैल्या, ठिबकच्या नळ्या, तुटक्या खुर्च्या. सात गोण्या! मी धावत धावत आत नेत होतो आणि ती सगळी माणसं हुंदके देत होती. पर्यावरणासाठी एवढं रडणारी माणसं मी स्वीडनमध्येही पाहिली नव्हती.

"आत्या," मी गोणी खाली ठेवून म्हणालो, "रडू नको. अजून वेळ गेलेली नाही."

आत्यानं पदर बाजूला केला. माझ्याकडे पाहिलं.

"अगे माय वं!"

किंकाळी ऐकून आई बाहेर आली, नलूकाकू कुंपणाशी आल्या. मग आत्यानं मला चिमटा काढून पाहिला आणि खात्री पटताच एक ठेवून दिली. "जिता हाय त सांगता येत नाही का रे?"

तिनं पिशवीतून वाटी काढली. वर माझं नाव. खाली तारीख.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यावर दोन नावं असतात. एकच नाव आणि खाली तारीख असलेली वाटी तेरवीला वाटतात; ती घरी आली, की माणसं हात जोडतात.

"अगं, पण फोन करायचा ना!"

"काय विचारू फोनवर? हॅलो वहिनी, तुमचा पोट्टा गेला का?" आत्या पुन्हा रडू लागली. "साऱ्या गल्लीले सांगतलं, पोराची शेवटची इच्छा होती. लोकायनं नाल्यातून काढून, धुऊन देल्लं बाप्पा!"

मागून एकानं हळूच विचारलं, "मंग गोण्या वापस न्याच्या का?"

मी गोण्यांवर आडवा पडलो.

अन्सारचाचांच्या भंगाराच्या काट्यावर एकसष्ट किलो भरले. बाबांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली (फाडला नाही) आणि आणखी एक महिना मंजूर केला. आईनं अकरा माणसांचा स्वयंपाक केला. सगळे पोटभर जेवले आणि जाताना गोणीमागे एक वाटी घेऊन गेले. नियमच होता.

दुसऱ्या महिन्यात मी उत्साहानं बोरी अरबला फोन लावला. "आत्या, यावेळचं प्लास्टिक?"

"चुलीत गेलं."

"अगं, पण माझी इच्छा..."

"तू त चांगला जिता हाय. तुही इच्छा पाहू ना सवडीनं, घाई काय हाय?"

सत्तावीस तारखेला हातगाडीत साडेचार किलो होते. मी ओट्यावर येऊन बसलो. बाबांनी खिशातून फॉर्म काढला, उलगडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घडी घातली.

"उमरखेडच्या मामाले," ते म्हणाले, "वाटी पाठवली का?"