वानखेडेंचे सहा पेले

आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात माणसं अकरा आणि चहाचे पेले सहा. सातवा पेला वानखेडे येऊ देत नसत. मी एकदा घरून स्वतःचा मग नेला, तर दुसऱ्या दिवशी त्यात पेन्सिली उभ्या होत्या. "प्या, विसळा, जागेवर ठेवा. सहा पुरतात," एवढंच ते म्हणाले. पेला टेबलावर तसाच टाकून उठणारा ऑफिसात एकच माणूस होता. तो मी.

वानखेडे मूळचे चंद्रपूरचे. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांचं "काहून" गेलं नव्हतं. मार्केट यार्डातल्या गाळ्यांवर येणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही करतो. माहिती सगळी सर्व्हरवर. गाळ्यातल्या कॉम्प्युटरने दर वेळी तिथे नव्याने जोडणी करायची म्हणजे वेळ जातो. म्हणून वानखेडेंनी प्रत्येक कॉम्प्युटरवर सहा जोडण्या उघडूनच ठेवल्या होत्या. स्क्रीनने एक घ्यायची, काम झालं की परत द्यायची. "दर वेळी नवी ओळख काहून काढता? झालेली सांभाळा," हे ते अशा सुरात सांगत, की वधुवर सूचक मंडळ चालवतात असं वाटावं.

गाडीची पोच छापायची स्क्रीन माझी होती. प्रिंटरमधला कागद संपला की ती गडबडायची आणि घेतलेली जोडणी परत द्यायला विसरायची. संस्कार माझेच.

ऐन कांद्याच्या हंगामात एका गाळ्यात सकाळपासून सहाव्यांदा कागद संपला, सहावी जोडणीही अडकली आणि प्रोग्रॅम ठप्प झाला. बाहेर गाड्यांची रांग. व्यापाऱ्याने फोनवर आमच्या साहेबांचा उद्धार केला. साहेबांनी विचारलं, हे काम कोणाचं? मी म्हणालो, "जोडण्यांचं वानखेडे बघतात."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला जास्त टोचतं.

वानखेडे लॅपटॉप घेऊन यार्डात गेले. संध्याकाळी मी भीत भीत माझा कोड उघडला, चूक सापडली, गुपचूप दुरुस्त करावी म्हटलं, तर ती तासाभरापूर्वीच दुरुस्त झालेली. शेजारी टीप होती: "चूक माझी. वानखेडे."

त्यांची साठी उलटली होती. एक वर्षाची मुदतवाढ साहेबांच्या हातात होती; ती मिळाली नाही. जाताना ते पेले घेऊन गेले. पेले त्यांचेच होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

कबुली द्यायला कात्रजला त्यांच्या घरी जायला मला चार महिने लागले. ते एकटेच राहतात. मी दारातच म्हणालो, "ती चूक माझी होती."

"ठाऊक आहे. तुमच्या मुलीची बारावी होती ना?"

"उद्या साहेबांना सांगतो."

त्यांनी चहा टाकला. मांडणीवर सहा पेले ओळीने पालथे होते. एक त्यांनी तसाच घेतला. दुसरा घेतला, त्यावरची धूळ बघितली आणि नळाखाली बराच वेळ घासला.

चहा संपताच मी, आयुष्यात पहिल्यांदा, पेला विसळायला उठलो.

"राहू द्या हो," वानखेडे म्हणाले. "परत ठेवायची घाई काहून करता? बसा."