ताईचा चौथा भाग

मृत्यू अटळ आहे, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. पण त्यांच्यापैकी कुणीही प्रकाशन व्यवसायात नव्हते. आमच्याकडे मरण्यासाठी विक्री विभागाची संमती लागते आणि ती सहसा मिळत नाही.

मी आमच्या 'किशोर-शोक' शाखेचा संपादक. वयात येणाऱ्या वाचकांना आम्ही भीतीसह दुःख पुरवतो. कच्चा माल ठरलेला: जुने घर, तळघर, एक कावळा आणि मेलेले लाडके माणूस. शंभरातले ब्याण्णव वाचक रडतात. (उरलेल्या आठांनी पुस्तक मैत्रिणीकडून मागून आणलेले असते, म्हणून त्यांचे दुःख आम्ही धरत नाही.)

आमची सर्वाधिक खपाची लेखिका सतरा वर्षांची आहे. तिची थोरली बहीण तापाने गेली आणि त्याच वर्षी तिने कादंबरी लिहिली. नायिका हट्टाला पेटते, थडगे उकरते, ताईला परत आणते. पुस्तक हातोहात गेले. दुसऱ्या भागात लेखिकेने ताईला मारले. आम्ही विजेच्या कडकडाटात उठवले. तिसऱ्यात पुन्हा मारले, तेव्हा शवपेटीत भलतीच बाई निघाली. (त्या बाईच्या नातेवाइकांचा विचार स्वतंत्र मालिकेत करण्यात येईल.)

परवा ती चौथा भाग घेऊन आली. सोबत आई होती. शेवटच्या पानावर ताई मेली होती, आणि तेही अगदी साधेपणाने. वीज नाही, वादळ नाही, कावळासुद्धा नाही!

"काका, आता जाऊ द्या ना तिला," मुलगी म्हणाली. "मी दमले हो. लिहिताना तिला उकरून काढायचं आणि जेवायला बसलं की खुर्ची रिकामीच."

मी तिला मायेने धोरण समजावले: मृत्यू फक्त मधल्या प्रकरणांत चालतो.

"मग छापूच नका. पण ताईला मरू द्या."

आई पर्सचा बंद पिरगाळत म्हणाली, "अगं, एकच भाग अजून. तू लिहितेस तेव्हा ती घरात बोलते गं."

मुलगी आईकडे बघतच राहिली. मग तिने माझ्याच टेबलावरचे पेन उचलले आणि तिथेच बसून ताईला उठवले. ताई उठली, तिने आईच्या केसांवरून हात फिरवला. खाली मुलीने एकच वाक्य लिहिले: 'ताई म्हणाली, आई, मला झोपू दे आता, आणि ती झोपली.'

आई हुंदके देऊन रडली. डोळे माझेही भरून आले (जेवणाच्या सुट्टीत).

"या वाक्याला हात लावलात तर याद राखा," मुलगी जाता जाता म्हणाली.

वाक्य सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु अशा बाबतीत आमची संस्था वाचकांचा कौल मानते, आणि तो मागायला कुठे जावे लागत नाही. आता तुमचेच पाहा. वर 'ताई उठली' असे वाचलेत, तेव्हा क्षणभर हायसे वाटले की नाही? खरे सांगा.

तेवढे आम्हाला पुरते. वाक्य कापले आहे.